चेंडू अगदी निर्जंतुक आहे

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं ताई, तू होय! नाव न बघताच उचलला… नाही, नाही, बोल ना. ड्युटी संपली माझी. हॉस्पिटलातच आहे अजून, कपडे बदलायच्या खोलीत… बाकावर बसलेय. एका पायात बूट, दुसऱ्या पायात ऑपरेशन थिएटरची हिरवी सपात… काही झालं नाही गं. बसावंसं वाटलं म्हणून बसले.

आईचा गुडघा?… बरा आहे की. सकाळीच बोलले मी तिच्याशी… हो, शेकते… हो, हो, जिना चढत नाही… ताई, आईच्या गुडघ्यासाठी तू आईला फोन करायचास ना, मला कशाला?… सहज? बरं, सहज तर सहज.

हं… हं… हं. आलं ना पोटातलं ओठांवर! ‘तुमचे ते बॉल आले का गं?’ म्हणे! खरं सांग, हे तू विचारतेयस की भावजी?… माझ्या डोक्यावर हात ठेवून सांग. बरं, फोनवर हात ठेवता येत नाही, पण समज ठेवलायस… बघ! हसलीस. कुठेयत ते आत्ता?… गॅलरीत? पॅड पुसतायत? मॅच उद्या सकाळी, आणि पॅड आजपासून? आमच्या रजेचे अर्ज त्यांच्या हिशेब खात्यात वर्षवर्ष पडलेले असतात, त्यांच्यावरची धूळ कधी पुसली नाही… बरं बाई, नाही बोलत. तुझा नवरा आहे. मी काय, नुसती मेहुणी.

पण अट कुणी घातली, सांग ना? स्टाफच्या सभेत माइक हातात घेऊन कोण उभं राहिलं होतं? ‘रविवारचं मैदान हे लेदर बॉलने खेळणाऱ्यांसाठी आहे. भगिनींनी टेनिस बॉल जरूर खेळावा, पण पार्किंगमध्ये.’ भगिनी! एरवी कॉरिडॉरमध्ये ‘ओ सिस्टर’ म्हणून कोकलतात, माइक हातात आला की भगिनी… अगं ऐक ना. आमच्या इन्चार्ज सिस्टर उभ्या राहिल्या. ताठ. म्हणाल्या, ‘आम्ही लेदर बॉलनेच खेळू.’ मग भावजी म्हणाले, ‘एक मॅच खेळून दाखवा. बोलिंग करणाऱ्या टीमने आपला बॉल आणायचा, आमचा मिळणार नाही. पुरी मॅच खेळलात तर एक रविवार आमचा, एक तुमचा. बॉलच आणला नाहीत, तर हा विषय पुन्हा निघणार नाही.’ पुढे आणखी काहीतरी बोलले, त्यावर सगळं हिशेब खातं फिदीफिदी हसलं. मला ऐकूच नाही आलं. रागाने कान बंद झाले होते माझे.

हो, मग खरेदी माझ्या गळ्यात पडली. का? तर मी भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट आणते म्हणून!… आधी दुकानातच गेले होते. खेळाच्या सामानाच्या. तो विचारतो, ‘मुलगा कितवीला आहे?’ मी म्हटलं, मला खेळायचंय. तर त्याने रबरी बॉल काढून ठेवला पुढ्यात. वर कार्टून! मी म्हटलं, लेदरचा दाखवा. दाखवला. काय सुरेख दिसतो गं तो, हातात घेतला की… पण किंमत सांगितली त्याने, आणि मी तो असा अलगद परत ठेवला, झोपलेलं बाळ ठेवतात तसा.

मग काय, ऑनलाइन. ‘किंमत कमी ते जास्त’ असं लावलं आणि बसले बघत. ताई, काय काय विकतात! एक ‘लेदरच्या रंगाचा’ निघाला. एक अस्सल लेदरचाच होता, एवढा स्वस्त की मी नाचायची बाकी होते. शेवटी बारीक अक्षरात वाचलं तर किल्ल्यांना लटकवायचा. फोटोत शेजारी काही ठेवत नाहीत ना, कळणार कसं?… आणि लोकांचे अभिप्राय! एकाने लिहिलंय, ‘बॉल अतिशय उत्तम. अजून उघडला नाही.’ पाच तारे! दुसरा, ‘घेऊन येणारा मनुष्य बोलायला फार नम्र.’ पाच तारे! एकट्याने एकच तारा देऊन लिहिलं होतं, ‘थोड्याच वेळात बॉल अंड्यासारखा झाला.’ तर त्याच्या खाली दुसऱ्याने, ‘तुमची बोलिंग सुधारा’… 

हो, मी घेतला तोच… अगं घाई करायला लावली ना त्यांनी! खाली लाल अक्षरं उड्या मारत होती, ‘आत्ता दहा जण हा बॉल बघत आहेत. शेवटचे नग शिल्लक.’ म्हटलं, जातंय हातातून. दाबलं बटण. सहांचा खोका. मागाहून कळलं, ते दहा जण म्हणजे आम्हीच होतो. मीच सगळ्यांना लिंक पाठवली होती! एकेक बाई आपापल्या वॉर्डात बसून तो बॉल बघत होती, आणि मी घाबरत होते आमच्याच टीमला!

हस, हस. पुढचं ऐकशील तेव्हा हसू बंद होईल.

आले की. बॉल आले… अगं, आले म्हणजे आले, त्यात काय… ताई, भावजी ऐकत नाहीयेत ना?… दार लाव. लावलंस?… एक मिनिट हं… मावशी, ते ओले गाऊन इथे नका ठेवू, धुण्यात द्या… हो, तेच गुलाबीवाले… हं, बोल. नाही, गुलाबी गाऊन आमच्यात नसतात. तेच सांगतेय.

घरी दिवसभर कुणी नसतं, म्हणून पत्ता इथलाच दिला होता. ऑपरेशन थिएटर, दुसरा मजला. खोका आला. चहाच्या वेळेला सगळ्या जमलो, लग्नातला आहेर फोडावा तसा फोडला. आणि वास! दमट कपाटात विसरलेल्या बुटांचा असतो ना, तसा. वर पाहिलं, तर सहाच्या सहा बॉलवर पांढरी बुरशी. लव आल्यासारखी… नुसतं पुसलं असतं तर गेली असती, मला ठाऊक आहे! मी म्हटलंदेखील, फडक्याने पुसू या. इन्चार्ज सिस्टर माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जशी मी पेशंटच्या पोटात कात्री विसरलेय. ‘बुरशी? माझ्या थिएटरमध्ये? आणि तू पुसणार?’

मग काय म्हणजे… मग जे आम्ही सगळ्याचं करतो तेच.

ताई, ऑटोक्लेव्ह माहितीय ना तुला? कुकर गं, कुकर. कपाटाएवढा. चिमटे, कात्र्या, गाऊन, सगळं त्यात वाफेवर निर्जंतुक होतं… हो… हो, त्यात… अगं हो, बॉल! सगळे! ओरडू नकोस, भावजी ऐकतील.

कुणीच कसं काही बोललं नाही? तेच तर मीही स्वतःला विचारतेय. चांगल्या शिकलेल्या, जाणत्या बायका होतो त्या खोलीत. चामडं वाफेत घालू नये हे घरी आमच्यापैकी कुणालाही विचारलं असतंस, तर तिने झोपेत सांगितलं असतं. पण इन्चार्ज सिस्टरनी ‘निर्जंतुक करा’ म्हटलं आणि सगळ्यांचे हात आपोआप चालायला लागले. मीच कापड दुमडलं, ताई! दोन पदर, कोपरे आत, टोक बाहेर. नियमाप्रमाणे. मीच वर टेप लावली. त्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या की समजायचं, आतलं सगळं निर्जंतुक झालं. काय काळ्याभोर उमटल्या म्हणून सांगू! इन्चार्ज सिस्टर खूश. ‘बघा, एक जंतू उरला नसेल.’ जंतू नव्हते उरले. बॉलही नव्हते उरले.

पाच फुटले. पोटातनं बूच, दोरे, सगळं बाहेर. आणि स्वस्त माल, रंग तो किती पक्का असणार? सगळा उतरला खालच्या गाऊनवर. सकाळी आमचे मोठे सर्जन हात धुऊन, दोन्ही कोपरं वर करून उभे, आणि मी त्यांना गाऊन घालतेय, गुलाबी. नुसता गुलाबी नाही गं, गुलाबी ठिपके! त्यांनी खाली पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, ‘आज काही विशेष आहे का?’… मी काय सांगणार? म्हटलं, नवीन स्टॉक आहे.

परत? करायला गेले ना परत! बोलले त्या कंपनीच्या मुलीशी. अगदी गोड आवाज. ‘मॅडम, वस्तू वापरली आहे का?’ म्हटलं, नाही. ‘मग तिला काय झालं?’ म्हटलं, उकडली… काय म्हणाली? ‘मॅडम, मी सरांना विचारते,’ आणि गाणं लागलं. तेच गाणं, पुन्हा पुन्हा, माझ्या कानाला बुरशी येईपर्यंत. मग सर आले. ‘मॅडम, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. पण आमच्या कारणांत उकडणे बसत नाही. मी “रंग आवडला नाही” असं टाकू का?’ म्हटलं, टाका, काहीही टाका. टाकलं त्यांनी. मग सांगतात, ‘रंग आवडला नाही म्हणून खेळाचं सामान परत घेत नाही!’… आणि फोन ठेवल्या ठेवल्या मेसेज. ‘आमच्याशी बोलून कसं वाटलं? तारे द्या.’

दिले. चुकून पाच दिले गं! बोट घसरलं.

नाही, शिवून बघितले. आमच्या प्लास्टिक सर्जन बाई आहेत ना, त्यांनी दुपारच्या सुट्टीत एका बॉलला टाके घातले. ताई, असे नाजूक टाके मी जन्मात पाहिले नाहीत. ‘व्रणसुद्धा राहणार नाही,’ म्हणाल्या. पहिल्याच टप्प्याला उसवला. तर म्हणतात, ‘पेशंटने विश्रांती घेतली नाही.’

एक वाचला. एकच. त्याचं चामडं असं आखडून बसलंय आतल्या बुचावर, दगड झालाय नुसता. शिवण वर आलीय, करवतीसारखी. प्रसूती विभागातली सिस्टर आमची विकेटकीपर आहे… अगं हो, तिलाच ठेवलंय मुद्दाम, आजवर तिच्या हातातून एक मूल निसटलेलं नाही. तर तिने तो बाळांच्या काट्यावर ठेवला. म्हणाली, ‘वजन छान आहे. रडत मात्र नाही.’ आणि आमची फास्ट बोलर, ती प्लास्टररूमची धिप्पाड सिस्टर, तिने नुसता माझ्याकडे टाकला. हळू हं. मी झेलायच्याऐवजी बाजूला झाले. समोर लॉकर आहे, त्याला पोचा पडलाय. आत्ताही दिसतोय मला इथून.

आता काय? आता काही नाही. नवे मागवायला वेळ नाही, दुकानातला परवडत नाही. वर्गणी पुन्हा काढा म्हणायला तोंड नाही मला. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, ‘तुझे भावजी आहेत, तूच कळव. मॅच रद्द.’ तेव्हापासून हातात फोन घेऊन बसलेय. त्यांचं नाव काढते, परत बंद करते. नाव काढते, बंद करते. तेवढ्यात तुझाच आला…

नाही. रडत नाहीये… रडतेय. बरं? रडतेय. कुणी मेलं नाही, ठाऊक आहे मला. रोज बघते मी काय काय… पण ताई, मला खेळायचं होतं गं. गवतावर. पार्किंगमध्ये अँब्युलन्स आली की खेळ थांबतो, थांबायलाच हवा, पण साहेबांची गाडी आली तरी थांबतो. एकदा तरी बॉलमागे सरळ सीमारेषेपर्यंत पळत जावं आणि मागे कुणी हॉर्न वाजवू नये, एवढंच. आणि आता भावजी आयुष्यभर म्हणणार, ‘भगिनींना एक बॉलसुद्धा आणता आला नाही.’ आणि खरंच असेल ते. सगळं माझ्या स्वस्ताईपायी.

काय?… काय म्हणाले होते?… सांगितलं ना, शेवटचं मला ऐकूच आलं नव्हतं. पुन्हा सांग… ‘कुठलाही बॉल आणा, लेदरचा असला आणि आधी खेळलेला नसला म्हणजे झालं. तुमच्या बॉलने आम्ही डोळे मिटून खेळू.’… असं म्हणाले? माइकवर?… त्यावर हसले होय सगळे!… आणि घरी येऊन तुलाही सांगितलं? जेवताना?… झोपतानाही?

थांब. थांब, थांब, थांब.

लेदरचा? आहे. खेळलेला? एक ओव्हरसुद्धा नाही. आणि आमच्या बॉलने बॅटिंग कोण करणार?… तेच ना! आम्ही खेळणार त्यांच्या बॉलने. त्यांच्या त्या महागड्या, मऊसूत… ताई! अगं ताई, तू काय बोललीस हे तुला कळतंय का?… कळतंय? कधीपासून?… मी दगड म्हणाले तेव्हापासून! आणि मला एवढं रडू दिलंस?

थांब, फोन ठेवू नकोस… मावशी! ओ मावशी! तो बॉल कुठेय? लाल बॉल!… पिवळ्या पिशवीत? कचऱ्याच्या? काढा! आधी काढा!… हो, हातमोजे घालूनच काढा, पण काढा!… फुटलेले नकोत हो, तो एक धड आहे तो!… मिळाला? आणा इकडे. नाही, धुऊ नका! कुणीही त्याला आता काहीही करू नका!

हं ताई. आहे. हातात आहे माझ्या… अजून कोमट वाटतोय, माझ्याच हातांना असेल… भावजींना लागलं तर? आता तूच नवऱ्याची काळजी करणार होय! पॅड पुसतायत ना? हेल्मेटही पुसायला सांग. आणि लागलंच, तर हॉस्पिटल समोर आहे. बोलर प्लास्टररूमचीच. ज्या हाताने टाकेल, त्याच हाताने बांधेल.

पण… अगं, एक राहिलंच. आम्ही दहाच आहोत. एक्स-रेवालीची परवा बदली झाली. अकरावी नाही. कुणाला उभं करू? रक्तपेढीतल्या बाईंना बॉल बघूनच चक्कर येते… हो, बाहेरची चालते. स्टाफ किंवा स्टाफच्या घरचं कुणीही. तो नियमही भावजींचाच, चुलतभावाला टीममध्ये घुसवायला केलेला…

ताई?… हॅलो? आहेस ना?… कोण?

तू?

चेष्टा करतेस ना?… नाही?… अगं, तुझी कंबर?… तुझा तो आत वळणारा बॉल? अगं, मी कशी विसरेन! गच्चीवर कपड्यांच्या दोऱ्यांखाली बोलिंग करायचीस, आणि मला कधी, एकदासुद्धा, तो खेळता आला नाही. शेजारच्या काकांच्या खुर्चीचा पाय तूच तोडलास, मार मी खाल्ला… खरंच किती वर्षं झाली गं. त्यानंतर बॉलशी तुझा संबंध उरला तो काय, तर भावजींची पांढरी पँट. दर रविवारी मांडीवरचा तो लाल डाग. घास ब्रशने, घास ब्रशने… हात बसलाय म्हणतेस? मग चांगलंच झालं की!

पँट कुठली? माझी घे. कमरेला पिन लाव… भावजी ओपनिंगलाच येतात ना?… नेहमी?… मग पहिली ओव्हर तुझी. प्लास्टरवालीला मी समजावते. इन्चार्ज सिस्टरना तर मी… काय?… कोण आलं?… दार उघडलं? किती वेळ उभे होते?… नुकतेच? बरं. नाही, नाही, दे ना त्यांना. दे, दे.

हॅलो भावजी! नमस्कार… हो, आईचा गुडघा बरा आहे, तेच चाललं होतं आमचं… बॉल? आला की! आलाय… एकच आणलाय. एक पुरेल… हो, ऑनलाइन. स्वस्तात मिळाला, पण टिकाऊ निघाला हो… लेदरचा. अगदी तुमच्या शब्दाप्रमाणे… नाही, खेळलेला नाही. आमच्या पद्धतीने तपासून घेतलाय. चेंडू अगदी निर्जंतुक आहे, भावजी… म्हणजे स्वच्छ हो. हॉस्पिटलची टीम आहे, तेवढं तर पाहिजे ना?

आज बघायचाय?… कशाला तसदी? उद्या दिसेलच की. अगदी जवळून… नाही, नाही, तुमचा जादाचा बॉल कशाला? अट म्हणजे अट. तुम्ही माइकवर सांगितलंत, आम्ही पाळतोय… नाही हो, राग कसला?

अकरा जणी? झाल्या ना. आत्ताच झाल्या… नाही, स्टाफमधली नाही, स्टाफच्या घरची. तुमच्याच नियमात बसते… तुम्ही ओळखता की तिला. चांगलं ओळखता… रविवारी मोकळी नसते ती एरवी, कपडे धुवायचे असतात तिला. उद्या धुणार नाही म्हणाली… नाव कशाला सांगायला हवं? भावजी, हा फोन आत्ता तुम्ही कुणाच्या हातातून घेतलात?…

तीच…

हॅलो?… भावजी?… हॅलो?…